चर्चमधलं लग्न आणि त्या दिवसाचं वेळापत्रक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ जवळ आला की वसईच्या गावागावांत मांडवाचे बांबू उतरायला लागतात आणि मला फोन यायला लागतात. मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या (एका चर्चखालच्या वस्तीच्या), गायनमंडळात आहे. वेदीच्या बाजूच्या बाकावरून इतकी लग्नं पाहिली आहेत की दिवस कुठे अडकतो आणि कुठे सुरळीत जातो, हे आता आधीच कळतं. लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. उदाहरणं वसईची आहेत, पण कॅथलिक विवाहसंस्काराचे नियम मुंबई, पुणे, नाशिक सगळीकडे तेच.

आखणी कुठून सुरू करायची?

मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळेपासून. हॉल, बँड, केटरर, मेकअप, गाड्या हे सगळे अर्धा तास पुढेमागे सरकतात. चर्च सरकत नाही. शनिवारी संध्याकाळी फादरांना लोकांचं पापनिवेदन (पापांची कबुली) ऐकायला बसायचं असतं, मग रविवारची आगाऊ मिस्सा असते, आणि लग्नसराईत त्याच दिवशी आणखी एखादं लग्नही असतं. तेव्हा मिस्सेची वेळ कागदाच्या मधोमध लिहा. तिच्या वरचं सगळं उलटं मोजत जा, खालचं सुलटं.

आधी हॉल बुक करायचा की चर्च?

चर्च. घरोघरी उलटं होतं हे मला माहीत आहे, कारण चांगला हॉल वर्षभर आधी जातो आणि माणूस घाबरून अनामत भरून मोकळा होतो. मग फादरांकडे गेल्यावर कळतं की त्या दिवशी पॅरिशचा सण आहे किंवा चारची वेळ दुसऱ्यांनी घेतली आहे. हॉलवाल्याकडून दोन-तीन मोकळ्या तारखा तोंडी घ्या, त्याच दिवशी पॅरिश ऑफिसात जा, तारीख आणि वेळ नोंदवा आणि मग पैसे भरा.

कोणत्या काळात लग्न होत नाही?

गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवार या दोन दिवशी लग्न लागतच नाही. बाकी उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) संस्कार करायला सरसकट बंदी नाही, पण तो प्रायश्चित्ताचा काळ आहे. वेदीवर फुलं नसतात, वाद्यं कमी असतात, आणि बँड-मेजवानीचं लग्न त्यात बसत नाही. नाताळआधीच्या आगमनकाळातही साधेपणा अपेक्षित असतो. अडचण असेल तर फादरांशी बोला. कुणाचे वडील आजारी असतात, कुणाला जहाजावर परतायचं असतं. अशा वेळी फादर समजून घेतात.

याचा तारखांवर मोठा परिणाम होतो. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. म्हणजे नवीन वर्ष लागल्यापासून उपवासकाळापर्यंत जेमतेम सहा शनिवार. २०२८ मध्ये राखेचा बुधवार १ मार्चला आहे, तेव्हा नऊ शनिवार मिळतात. सहा शनिवारांच्या वर्षी सगळी गावं एकाच हॉलच्या, एकाच बँडच्या मागे असतात. ज्यांना जमेल त्यांनी त्या वर्षी मधल्या वारी लग्न करावं. मंगळवारी किंवा गुरुवारी फादरांनाही घाई नसते, आणि माणसं येतात. आपल्या माणसाच्या लग्नाला कोणी वार बघून येत नाही.

ईस्टरनंतर लग्नं जोरात असतात. पण एक बारकावा आहे. पेन्टेकॉस्टपर्यंतचे (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणापर्यंतचे) रविवार पुनरुत्थानकाळाचे असतात. त्या रविवारी किंवा त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी मिस्सा ठेवली, तर प्रार्थना आणि वाचनं त्या रविवारची घ्यावी लागतात, लग्नाची खास मिस्सा होत नाही. विवाहसंस्कार मात्र पूर्ण होतो. लग्नाची पुस्तिका छापायला टाकण्याआधी हे फादरांना विचारून घ्या. छापून आलेली पाचशे पुस्तकं आणि त्यातलं चुकीचं शुभवर्तमान (बायबलमधलं वाचन), हे मी पाहिलेलं आहे.

चार वाजता ठेवावं की पाच?

हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सहा वाजून गेले की लगेच सूर्य मावळतो. पाचची मिस्सा सहाला सुटते, सही होईपर्यंत बाहेर अंधार पडलेला असतो आणि चर्चच्या पायऱ्यांवरचा सगळ्या कुटुंबाचा फोटो फ्लॅशवर घ्यावा लागतो. मे महिन्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो, पण चार वाजता सूटमधला नवरा आणि नऊवारीतली आजी दोघंही घामाने भिजून जातात.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात लागायला हवं. कॅथलिक धर्मगुरूला बिशपांचा परवाना असेल तर त्याबाहेरही चालतं, पण तो परवाना आहे का, हे आधी विचारायला हवं. संध्याकाळी साडेसहाची मिस्सा मागणाऱ्यांनी तर नक्कीच.

सकाळचं लग्न आता मागे पडलंय, पण मला ते आवडतं. दहाची मिस्सा, दुपारचं जेवण, आणि संध्याकाळी नवरा-नवरी शांतपणे घरच्यांमध्ये बसलेली. ज्यांच्याकडे म्हातारी माणसं जास्त आहेत त्यांनी याचा जरूर विचार करावा.

संस्काराला नेमका किती वेळ लागतो?

मिस्सेसह लग्न असेल तर एक तास ते सव्वा तास. मिस्सेशिवाय असेल तर पाऊण तासाच्या आत.

क्रम असा : प्रवेश, वाचनं, शुभवर्तमान, प्रवचन. त्यानंतर सगळे उभे राहतात आणि विवाहविधी सुरू होतो. फादर आधी दोघांना विचारतात की तुम्ही स्वतःच्या मर्जीने आला आहात ना, आयुष्यभर एकमेकांना साथ द्याल ना, देव देईल ती मुलं स्वीकाराल ना. मग उजवे हात हातात घेऊन संमती दिली जाते. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात. मग अंगठ्यांना आशीर्वाद आणि अंगठ्या घालणं. काही ठिकाणी याच वेळी मंगळसूत्रही बांधतात. पुढे श्रद्धावंतांच्या प्रार्थना, अर्पण आणि मिस्सेचा मुख्य भाग. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ झाल्यावर वधूवरांवर खास आशीर्वाद मागितला जातो. नंतर कम्युनियन (पवित्र भाकर घेणं), शेवटचा आशीर्वाद आणि रजिस्टरवर सह्या.

संमतीचे शब्द उच्चारायला एक मिनिटही लागत नाही. पण विवाह होतो तो त्या एका मिनिटात. सबंध दिवसाचं वेळापत्रक करायचं ते या मिनिटाला धावतपळत, धापा टाकत पोहोचावं लागू नये म्हणून. माझं या पानावरचं सगळं सांगणं याचसाठी आहे.

वेळ वाढतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे कम्युनियन : पाचशे माणसं आणि एकटे फादर असतील तर पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणून कम्युनियन द्यायला मदत कोण करणार ते आधी ठरवा. दुसरं म्हणजे शेवटची आभाराची भाषणं. ती रिसेप्शनला करा.

पाचची मिस्सा असेल तर सकाळपासून दिवस कसा लावायचा?

उलटं मोजू. पाचला मिस्सा, तर नवरी पावणेपाचला चर्चच्या आवारात हवी. नवरा, बेस्टमॅन आणि दोन्ही साक्षीदार साडेचारला. घरापासून चर्च दहा मिनिटांवर असलं तरी नवरीने सव्वाचारला निघावं. लग्नसराईच्या शनिवारी वसईचे रस्ते बँड, वराती आणि आडव्या लावलेल्या गाड्यांनी भरलेले असतात, आणि गाऊन घालून गाडीत बसायलाच पाच मिनिटं लागतात. स्टेशनच्या बाजूने यायचं असेल तर आणखी अर्धा तास धरा.

निघण्याआधी घरातली प्रार्थना. ही वेळ लोक कागदावर लिहीतच नाहीत आणि मग तिच्यावरच घाला येतो. आईवडील, आजी-आजोबा, काकी, मावश्या एकेक करून मुलीच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. प्रत्येक जण थांबतो, काही बोलतो, रडतो. याला पाऊण तास द्या, साडेतीन ते सव्वाचार. फोटोग्राफरचे घरातले फोटो त्याआधी, पावणेतीन ते साडेतीन. म्हणजे नवरी पावणेतीनला पूर्ण तयार हवी. मेकअप आणि केसांना तीन तास लागतात आणि त्याच खुर्चीवर आई आणि करवल्याही बसणार असतात, म्हणून मेकअप साडेदहालाच सुरू झाला पाहिजे. नवरीला शेवटी नाही, मधे बसवा. शेवटी बसवलं की सगळ्यांचा उशीर तिच्या वाट्याला येतो.

नवऱ्याच्या घरी काम कमी असतं म्हणून तिकडे कोणी कागद करत नाही. निदान इतकं लिहा : प्रार्थना तीनला, घरातून निघणं चारला, अंगठ्या कोणाच्या खिशात.

नवरी उशिरा पोहोचली तर काय होतं?

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात ती पस्तीस मिनिटं उशिरा आली. केस दोनदा सोडून पुन्हा बांधले होते. फादर रागावले नाहीत. पण पुढच्या लग्नाची माणसं दारात जमायला लागली होती. आम्ही अर्पणाचं गीत एका कडव्यात आवरलं, कम्युनियननंतरचं सोडूनच दिलं. प्रवचन तीन मिनिटांत संपलं. फादरांनी ते तिच्यासाठी लिहून आणलं होतं. कागदाची दोन पानं त्यांनी घडी घालून परत खिशात ठेवली, ते मला बाकावरून दिसलं. तिला ते कधी ऐकायला मिळालं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नवरीला सांगते की एखादी बट सुटली तर सुटू दे, तू निघ.

मिस्सेआधी उपाशी राहायचं का?

कम्युनियनच्या आधी एक तास खायचं नाही एवढाच नियम आहे. पाणी आणि औषधं चालतात. पाचच्या मिस्सेत कम्युनियन पावणेसहाच्या आसपास येतं, म्हणजे पावणेपाचपर्यंत मोकळीक आहे. तरी नवरा-नवरींनी दुपारी एकला पोटभर जेवावं आणि तीनच्या आधी केळं, सँडविच असं काही खावं. प्रवचनाच्या वेळी चक्कर येऊन खाली बसलेले नवरे मी पाहिले आहेत. त्यांनी सकाळी फक्त चहा घेतलेला होता. थर्मास आणि पाण्याची बाटली गाडीत असू द्या.

पापनिवेदन लग्नाच्या दिवसावर टाकू नका. ते दोन-तीन दिवस आधी, शांतपणे करा.

चर्च आणि रिसेप्शन यांच्यामध्ये किती अंतर ठेवायचं?

दीड तास पुरे. सहाला मिस्सा सुटली, सव्वासहापर्यंत सह्या, पावणेसातपर्यंत आवारात भेटीगाठी आणि फोटो, साडेसातला हॉलमध्ये प्रवेश.

खरं दुखणं इथेच असतं, कारण या वेळात नवरा-नवरी व्यग्र असतात पण पाहुणे रिकामे असतात. बोरिवली, विरार, पालघरहून आलेल्या माणसाने या दीड तासात जायचं कुठे? गावातल्या माणसाला घर आहे, बाहेरच्याला नाही. मी एका लग्नात पंच्याहत्तरीच्या एका बाईंना बंद हॉलच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं. आत अजून खुर्च्यांना कव्हरं घालत होते. त्या नवऱ्याच्या शाळेतल्या बाई होत्या.

म्हणून हॉलवाल्याला सांगा की पावणेसातला दार उघडं हवं, पंखे चालू हवेत, सरबत-चहा आणि काहीतरी गरम खायला हवं. दारात घरचं एक माणूस उभं करा, केटररचं नाही. आणि फोटोसाठी समुद्रकिनारी किंवा वसईच्या किल्ल्यात जायचंच असेल तर ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी किंवा आधी करा. चर्चमधून किल्ल्यावर आणि किल्ल्यावरून हॉलवर, यात नऊ वाजतात, आणि लोक नवरा-नवरीला न भेटताच लोकल पकडायला निघून जातात.

जेवण साडेआठच्या पुढे नेऊ नका. टोस्ट, केक, पहिला नाच हे जेवणाआधी पाऊण तासात बसतं. उघड्यावर मांडव असेल तर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा ज्यांना नाचायचं आहे त्यांच्यासाठी साडेआठ ते दहा हा वेळ राखून ठेवा.

एक पक्ष हिंदू आहे. वेळापत्रक बदलतं का?

बदलतं, आणि तयारी खूप आधीपासून लागते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची सूट घ्यावी लागते, आणि ती फादरांमार्फत येते. कॅथलिक पक्षाने आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं, आणि दुसऱ्या पक्षाला त्याची कल्पना दिलेली असते. हे घरात उघडपणे आधी बोला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे कानावर पडलेलं कोणालाच चांगलं वाटत नाही.

संस्कार बहुधा मिस्सेशिवाय होतो, म्हणून चर्चमधला वेळ पाऊण तासाचा धरा आणि त्यानुसार पुढचं सगळं अर्धा तास अलीकडे ओढा. त्यात कमीपणा काही नाही. उलट निम्म्या लोकांना कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहावं लागत नाही, सगळे एकत्र असतात. मिस्सा ठेवलीच असेल तर कम्युनियनआधी फादरांनी किंवा कुणीतरी प्रेमाने सांगावं की कॅथलिक नसलेल्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी. न सांगितल्यामुळे माणसं रांगेत येतात आणि मग पुढे जाऊन अवघडतात.

त्याच दिवशी सप्तपदीही करायची असं बरेचजण विचारतात. चर्चच्या नियमानुसार विवाहाची संमती एकदाच दिली जाते. तीच संमती पुन्हा देणारा दुसरा धार्मिक विवाहविधी आधी किंवा नंतर करता येत नाही. पण हिंदू पक्षाच्या घरचे आशीर्वाद, ओवाळणं, गृहप्रवेश, भेटी यांना भरपूर जागा आहे. कुठे रेघ ओढायची ते दोन्ही घरांनी फादरांसमोर एकत्र बसून ठरवा, परस्पर नाही.

आणि हिंदू पाहुण्यांसाठी पुस्तिकेत मराठीत दोन ओळी लिहा : कधी उभं राहायचं, कधी बसायचं. चपला काढायच्या का, हाही प्रश्न हमखास येतो. नाही, काढायची गरज नाही. मुलाच्या काकूंनी एकदा दारात चपला काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून चालत आल्या, तेव्हा आमच्यातल्या दोघीतिघींनीही आपल्या काढल्या.

कागदपत्रं कधी सुरू करायची?

सहा महिने आधी फादरांना भेटा. बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि तो हल्लीच्या सहा महिन्यांत काढलेला असावा; कपाटातला जुना चालत नाही. कारण तुमचं लग्न झालं की त्याची नोंद तुमच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये होते, आणि ताजा दाखला म्हणजे तशी नोंद आधी नाही याचा पुरावा. दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतरच्या एका संस्काराचा) दाखला, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र, दुसऱ्या पॅरिशचे असाल तर तिथलं पत्र. शिवाय रविवारच्या मिस्सेत दोघांच्या पॅरिशमध्ये नावं जाहीर होतात. आखातात किंवा कॅनडात असणाऱ्यांनी तिथल्या पॅरिशचं पत्र मागवायला वेळ धरावा. गोव्यात पद्धत वेगळी आहे : तिथे आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं, तिथला कागद घेऊन मग चर्चमध्ये.

फोटोग्राफरला काय सांगायचं?

वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, फादर आणि वधूवर यांच्यामध्ये यायचं नाही, आणि पवित्रीकरणाच्या वेळी (फादर भाकर आणि द्राक्षारस उंचावतात तेव्हा) कॅमेरा खाली ठेवायचा. हे त्याला आदल्या आठवड्यात चर्चमध्येच नेऊन दाखवा. ड्रोन नको.

गाणी आम्ही निवडू शकतो का?

हो, पण मिस्सेत भक्तिगीतंच हवीत. सिनेमातलं आवडतं गाणं रिसेप्शनला वाजवा, तिथे आम्हीही तुमच्याबरोबर म्हणू. यादी गायनमंडळाला महिनाभर आधी द्या. वाचनानंतरचं उत्तरगीत आणि ‘पवित्र, पवित्र’ लोकांना येणारं ठेवा. अख्खं चर्च गायला लागतं तेव्हा नवरीच्या आईला जो धीर येतो, तो कुठल्याही बाहेरून आणलेल्या गायकामुळे येत नाही.

आदल्या रात्रीचं काय?

मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उंबराचं पाणी (विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणणं), गोव्याकडच्या घरांत रोस (नारळाचं दूध लावून न्हाऊ घालणं), आणि मांडवाची जेवणं सगळीकडेच. रात्र जागायची हे ठरलेलंच. ती जागवा, पण नवरा-नवरीला अकराला झोपायला पाठवा. विहिरीवरून बँडबरोबर येणारी मिरवणूक सूर्यास्ताच्या सुमारास निघाली तर हे जमतं, नऊला निघाली तर नाही. चर्चची सजावट आणि सराव मात्र त्याहीआधी उरकून घ्या.

छोट्या गोष्टींपैकी काय विसरलं जातं?

पेन. सह्या करायची वेळ आली की पेन चालत नाही, आणि रजिस्टरवर पाच-सहा सह्या असतात. दोन चांगली पेनं बेस्टमॅनच्या खिशात ठेवा. दोन्ही साक्षीदार सहीच्या वेळी बाहेर फोटो काढत असतात, त्यांना थांबवून ठेवा. अंगठ्या डबीतून बाहेर काढून तबकात ठेवायचं काम वेदीसेवकाला नाही, घरच्या एकाला सांगा. सेफ्टी पिना, सुई-दोरा, रुमाल, आईचा चष्मा. फादरांना द्यायचं पाकीट आदल्या दिवशीच ऑफिसात द्या. आणि फादर, वेदीसेवक, चर्चचा सेवक आणि गायनमंडळ यांच्यासाठी हॉलमध्ये एक टेबल राखून ठेवा, नाहीतर आम्ही गिटार घेऊन दारातच उभे राहतो.